शून्य किलो

सावद्याच्या वजनकाट्यावर, मे महिन्यात,
दुपारी अडीचला, पत्र्याखाली
एक नवं कम्प्युटर आहे
आणि त्याच्या पोटात एक जुनं.

जुन्याला ठाऊक नाही आपण पोटात आहोत ते.
त्याला वाटतं, अजून डबा आहे,
डब्यात धूळ, धुळीत पंखा,
डब्यावर वारके अण्णांची तपकिरीची डबी.
डबा दिवाळीतच भंगारात गेला.
डिस्क तेवढी मी नेली,
रुमालात गुंडाळून, भुसावळपर्यंत, मांडीवर.

केळीचा हिशेब त्यालाच येतो.
घड किती, वजन किती, दांड्याची घट किती.
नव्या प्रोग्रामला दांडा म्हणजे काय ते कळत नाही,
आणि सहा महिने हातानं पावत्या फाडून
खेमचंदभाऊंचा अंगठा कार्बननं निळा झालाय.

"याच्यात दुसरं बसेल आहे?"
भाऊ स्क्रीनच्या मागं जाऊन बघून येतात.
"बसेल आहे."
"मंग त्याले प्रिंटर कसा दिसत नाही?"

कसा दिसणार.
त्याला मिळालेला पत्ता त्याच्यापुरताच खरा,
दहा-शून्य-दोन-पंधरा:
एका घराची गल्ली, बाहेर जायला दार आहे,
पण आत कुणाला नाव घेऊन बोलावता येत नाही.
प्रिंटर राहतो एकशे ब्याण्णवच्या वस्तीत, चाळीस नंबरला,
गोडाऊनमध्ये, गोणपाटाखाली,
मानेला नेटवर्कची नवी डबी बांधून.
मी आतून हाक मारली. चार हाका.
चारही हरवल्या, शंभर टक्के,
हे त्यानंच सांगितलं, प्रामाणिकपणे.

एक शब्द बदलायचा होता. ब्रिज्ड.
एवढं सुचायला दोन दुपारी गेल्या
आणि कूलरचं पाणी तीनदा संपलं.
मग वस्तीत त्यालाही घर मिळालं, सत्तावन्न नंबरचं.
चार हाका गेल्या. चार परतल्या.

तरी प्रोग्राम हटेना.
त्याला जाळं-बिळं माहीत नाही,
तो कागद मागतो एकाच भोकातून, एलपीटी-वन,
पंचवीस छिद्रांचं ते भोक
जे या नव्या मशीनला कुठंच नाही.
तेव्हा मी त्याच्याशी खोटं बोलले.
काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली:
हे बघ तुझं भोक, तीच वायर, तोच प्रिंटर.
त्यानं लगेच मानलं.
इतकं लगेच, की मलाच कसंतरी झालं.

बाहेर लुधियान्याची गाडी उभी,
ड्रायव्हर चाकाच्या सावलीत,
आणि माल तर पिकायला कुणासाठी थांबत नाही.

प्रिंटर खाकरला.
डोकं डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे,
गोणपाटावरची पाल पळाली.
पावती आली. मी दिलेली नव्हती ती.

क्रमांक एक्केचाळीस हजार दोनशे सात.
तारीख वसुबारसेची.
शेतकरी: चाचणी. गाव: इथंच.
घड शून्य. वजन शून्य किलो. दांडा वजा शून्य.
शेरा: आवाज येतोय, कागद येत नाही.

रांगेत उभी होती ती, सहा महिने.
डिस्कसोबत माझ्या मांडीवरून गेली,
कपाटात राहिली, पोटात उतरली,
आणि आतल्या घड्याळाला विचाराल तर
मध्ये काही घडलंच नाही,
अण्णा चहाला उठलेत, येतील.

भाऊंनी दोन्ही कडांची भोकाभोकांची पट्टी फाडली,
पावती वाचली, उलटी करून पाहिली,
आणि खिळ्याला टोचली, इतरांसारखी.
"नंबर पडेल आहे. फेकता येत नाही."

अण्णा नाशिकला, लेकीकडे, मोतीबिंदू काढून पडलेले.
फोनवर मी सगळं सांगितलं,
पूल, पत्ता, भोक, पावती.
पलीकडे बराच वेळ टीव्ही ऐकू येत होता.
मग म्हणाले,
"रिबन बदलली का? फिकी पडेल असन."

बदलली नव्हती.